थोरल्या जावेचा तुंबा

केनियातल्या कोरड्या मुलखात म्वेनी नावाची नदी आहे. बहुतेक महिने तिच्यात नुसती वाळू. बायका त्या वाळूत कमरेइतके खड्डे खणतात, तेव्हा पाणी लागतं. पण पाण्याने भरलेला पहिला तुंबा, म्हणजे वाळल्या भोपळ्याचं भांडं, कोणी स्वतःच्या घरी नेत नाही. का, ते काठावरची म्हातारी कालोंदू पाहुण्यांना सावलीत बसवून सांगते.

फार वर्षांपूर्वी, गोऱ्यांचं राज्य असताना, असा दुष्काळ पडला म्हणे, की गुरं उभ्या जागी कोसळली. तेव्हा स्योकाउ ही खणणाऱ्या बायकांची म्होरकी होती. वाळूखाली पाणी कुठे अडून राहतं, ते तिला आईने शिकवलं होतं. तिने हाक दिली की घरटी एक बाई येई. मिळून खणत, मिळून वाटून घेत.

मग साहेब आला. टेकडीवर तंबू ठोकून त्याने मक्याचं पीठ आणि पाण्याची पिंपं आणली, आणि हुकूम काढला : ज्याला हवं त्याने घरदार सोडून छावणीत राहावं. कोठाराची किल्ली दिली न्दुकूला. ती स्योकाउची धाकटी जाऊ; मिशनच्या शाळेत साहेबाची भाषा शिकलेली.

बायका आता न्दुकूची मर्जी सांभाळू लागल्या. स्योकाउच्या हाकेला कोणी ओ देईना. तिच्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. ती छावणीत गेलीच नाही. एकटीच, कोणाला न सांगता, नदीतलं पाणी काढून भागवत राहिली.

पुढे पाणी आणणारे बैल वाटेतच मेले. पिंपं आटली. साहेब मदत आणायला गेला, तो परतेना. हे कानावर आलं तेव्हा स्योकाउला बरं वाटलं, असं सांगतात. 'आता बघू दे किल्ली चाटून,' म्हणत ती दारात बसून राहिली.

आणि न्दुकू आली. पाठीवरचं पोर मान टाकून होतं.

"जाऊबाई, पाणी कुठे आहे तेवढं दाखवा."

"साहेबाला विचार की."

"साहेबाला काय कळतंय नदीतलं? तुमच्यासारखं मला येत असतं, तर मी ती किल्ली घेतली असती का? लग्न होऊन आले तेव्हापासून जळतेय तुमच्यावर."

आपण एकट्याच जळतोय, असं स्योकाउला आजवर वाटत होतं. ती उठली आणि तिने नदीकाठी जाऊन हाक दिली. छावणीतून बायका धावत आल्या. खणता खणता वाळू ओली झाली, मग पाणी झिरपलं. पहिला घोट म्होरकीचा. स्योकाउने तुंबा तोंडाला लावला, पण पाणी घशाखाली उतरेना. तिने तो न्दुकूच्या हातात दिला. न्दुकूने पोराला पाजलं, स्वतः प्यायली आणि उरलेलं जावेला दिलं. मग ते उतरलं.

साहेब गाड्या घेऊन परतला तो तंबू ओस. सगळ्यांनी छावणीत चला, असा त्याने हुकूम केला. न्दुकूने तो बायकांना त्यांच्या भाषेत सांगितला आणि किल्ली त्याच्यापुढे ठेवली. "पीठ इथे उतरवा. कोणाला किती लागतं ते या बायका जाणतात."

साहेब तांबडालाल झाला. पण रिकाम्या तंबूत तो वाटणार कोणाला? पीठ नदीकाठी उतरलं.

आजही बाहेरची मदत आली की गाडी वाळूच्या कडेला थांबते. काय घ्यायचं, कसं वाटायचं, ते खणणाऱ्या बायका ठरवतात. आणि पहिला तुंबा? जिचा हेवा वाटतो, तिच्या हातात. वर्षभरात एकही तुंबा ज्या बाईच्या वाट्याला येत नाही, ती मात्र फुरंगटून बसते म्हणे.