परवाना खरा की खोटा?

मिरजेच्या अंधशाळेत फरीदा मुल्ला संगणक शिकवायच्या. तिथले संगणक घोरपडे यांच्या कंपनीने पुरवलेले. त्यांच्यातली ऑपरेटिंग सिस्टीम फक्त इंग्रजीत बोलायची आणि मुलं अडखळायची. पण ती सिस्टीम मुक्त होती, म्हणजे कुणीही उघडून बदलावी अशी. फरीदाबाईंनी ती मराठीत बोलती केली, तिला 'सोबत' असं नवं नाव दिलं आणि इतर अंधशाळांनाही वाटली.

घोरपड्यांना हे खुपलं. त्यांनी थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सुनावणीत ते गरजले, "ही सरळ चोरी आहे! आमची सिस्टीम बदलून बाई गावभर वाटत सुटल्यात. सगळीकडून पुसून टाकायला लावा."

"होय, तुमचीच घेतली," फरीदाबाई म्हणाल्या. "तिच्यासोबत परवानाही आला होता. घ्या, बदला, वाटा. फक्त केलेले बदल सगळ्यांना खुले ठेवा. मी तेच केलं. वर माझी बदललेली सिस्टीम कुणाला तुमची वाटू नये, म्हणून तिच्यावरचं तुमचं नाव आणि शिक्काही काढून टाकला."

"असला परवाना मी मानत नाही!"

"पण साहेब, तुम्हीही ती दुसऱ्यांकडून याच परवान्यावर घेतलीत. परवाना खरा असेल, तर मी चोर नाही. खोटा असेल, तर आपण दोघंही चोर."

शिक्षणाधिकाऱ्यांनी फोन उचलला. "बोला घोरपडे, पोलिसांना किती माणसांची गाडी आणायला सांगू?"

घोरपड्यांनी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली. मुलांचे संगणक मराठीतच बोलत राहिले.