वस्तादांनी स्टूल हलवलं

"मग तुम्हीच सांगा वस्ताद, इथं कुणाचं वायफाय आहे?"

आसावरी आरवाडेनं हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही गौस वस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर सायकलचं एक चाक होतं. त्याचा आऊट काढणं चाललं होतं. चाक फिरवायचं, कुठं डुलतंय ते बघायचं, तिथला स्पोक चिमूटभर आवळायचा, पुन्हा फिरवायचं.

"कुणाचंच नाही!" तिनं स्वतःच उत्तर दिलं. "ना टॉवर, ना शेजारी, ना मायक्रोवेव्ह. तरी तुटतंय."

"काय तुटतंय?"

"कनेक्शन!"

"हां," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी चाक फिरवलं.

आता हे कनेक्शन काय भानगड आहे ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही वस्तादांसारखे चाक फिरवत बसाल.

आसावरीकडे एक ट्रेनर होता. माणूस नव्हे, यंत्र. सायकलचं मागचं चाक काढायचं, सायकल त्या यंत्रावर बसवायची आणि घरातल्या घरात पायडल मारत सुटायचं. आपण किती जोर लावतोय तो आकडा यंत्र लॅपटॉपला कळवतं, तोही तारेशिवाय, हवेतून. पोरगी बावीस वर्षांची. तेविशीच्या आतल्या राज्य संघाची निवड याच यंत्रावर होणार होती. वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची आणि त्याची नोंद आज बाराच्या आत समितीला पाठवायची. मध्ये नोंद एकदा जरी तुटली तरी तो प्रयत्न बाद.

प्रयत्न तीन होते. त्यातले दोन सांगलीतल्या फ्लॅटमध्ये गेले होते, एक चौदाव्या मिनिटाला आणि एक सतराव्या. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

तिनं काय कमी केलं होतं? वरच्या मजल्यावरच्या म्हैसकर काकूंशी भांडून त्यांचं वायफाय दोन दिवस बंद ठेवायला लावलं. आईला मोबाईलसकट गॅलरीत उभं केलं. ट्रेनर चार वेळा बंद करून चालू केला, लॅपटॉपचे सगळे अपडेट घेतले, कंपनीला पाच मेल पाठवले. त्यातला शेवटचा मेल चारचौघांत वाचण्यासारखा नव्हता.

शेवटी तिला वस्तादांची शेड आठवली. दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला पत्र्याची शेड, भोवती माळ, फोनला धड रेंजसुद्धा नाही. तिथं यंत्राला त्रास द्यायला आहे कोण?

पण तिथं जायचं म्हणजे तोंड दाखवायचं. सहा वर्षं ती वस्तादांकडे शर्यतीची सायकल शिकली होती, आणि चार वर्षांपूर्वी ताडताड बोलून निघून गेली होती. "सहा वर्षांत तुम्ही मला एक आकडा सांगितला नाहीत. किती आले, किती हवेत, काही नाही. नुसतं चालव, चालव!" वस्ताद तेव्हा "बरं" म्हणाले होते. तिनं फोनवरून शिकवणारा एक कोच धरला. तो झोपेचासुद्धा आकडा द्यायचा.

आज सकाळी ती सगळं सामान घेऊन दारात उभी राहिली. वस्तादांनी विचारलं, "खाऊन आलीस का?" चार वर्षांबद्दल एक अक्षर नाही. त्याचाच तिला जास्त राग आला.

"वस्ताद, सव्वाअकरा झाले."

"सांगलीचं सगळं सांगलीत ठेवून आलीस न्हवं?"

"हो."

"मग हितं काय काय आणलंस?"

वेळ काय, हे विचारतात काय! पण तिनं बोटांवर मोजत सांगितलं. "ट्रेनर. सायकल. लॅपटॉप. वायरी. पंखा. टॉवेल. पाण्याच्या दोन बाटल्या."

"आनि?"

"मोबाईल. तो बंद आहे."

"आनि?"

"आणखी काही नाही!"

"आठव…"

"नाही म्हटलं ना वस्ताद! सामान मी भरलंय. मला माहीत नाही का?"

वस्ताद पुन्हा चाकाकडे वळले.

नोंद सुरू न करता, नुसतं बघायला म्हणून ती तणतणत सायकलवर चढली. समोर स्टुलावर लॅपटॉप, शेजारी खुर्चीवर पंखा. पाय फिरू लागले. पडद्यावर आकडा आला, एकशे साठ, एकशे नव्वद. ती ताठ बसली होती तोवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग तिनं दात आवळले, खाली वाकून हँडल धरलं आणि जोर लावला.

टुंग!

आकडा गेला. कनेक्शन तुटलं की लॅपटॉप असा टुंग करायचा. दोन दिवसांत त्या आवाजाचा तिनं धसका घेतला होता. ती खाली उडी मारून लॅपटॉपवर धावली, आणि ती पोचायच्या आत आकड्याच्या जागी शून्य आलं होतं. कनेक्शन परत जुळलं होतं.

"बघा! बघितलंत ना? मी उतरले की जुळतं. मी बसले, जोर लावला, की तुटतं. मुद्दाम करतंय मेलं!"

"मुद्दाम?"

"नाहीतर काय! मी नसले की छान चालतं."

वस्तादांच्या मांडीवरचं चाक थांबलं…

ते उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे धरून उठायला वेळ लागला. "बस," म्हणाले, "चालव."

ती बसली. घामानं टी-शर्ट पाठीला चिकटला होता. पाय फिरू लागले तसे वस्ताद आले आणि पंख्याच्या पुढ्यात, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. नुसते उभे. हलेनात.

एक मिनिट झालं. घाम डोळ्यांत उतरला.

"वस्ताद, काय करताय?"

"वारं येतंय का बघतोय."

"कसं येईल? तुम्हीच उभे आहात ना मध्ये!"

वस्ताद तसेच मध्येच उभे राहिले…

आसावरीचे पाय मंदावले, मग थांबले. तिनं मान वळवून मागं बघितलं. ट्रेनर मागं, चाकाच्या जागी. मान फिरवून पुढं बघितलं. लॅपटॉप पुढं, हँडलच्या पलीकडे. आणि दोघांच्या मध्ये, वाकलं की आकड्याच्या वाटेत पुरती आडवी येणारी, घामानं निथळणारी छप्पन्न किलोची आसावरी आरवाडे. सामानाच्या यादीत एवढीच राहिली होती.

"अगं बाई…" ती पुटपुटली. म्हैसकर काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तिला भयंकर लाज वाटली.

वस्ताद तोवर पंख्यापुढून बाजूला झाले होते. त्यांनी लॅपटॉपसकट स्टूल उचललं, सायकलला वळसा घालून मागं नेलं आणि ट्रेनरच्या शेजारी टेकवलं. मग त्याच्याजवळ एक पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर बसले.

"पण मग मला आकडे दिसणार नाहीत!"

वस्तादांनी डबा नीट टेकवून घेतला.

"किती जोर लावायचा ते कसं कळणार मला?" तिला खरोखरच भीती वाटली. चार वर्षांत आकडा समोर नसताना ती एकदाही पायडलवर बसली नव्हती.

"साडेअकरा होतील आता," वस्ताद म्हणाले.

"बरं… बरं. तुम्ही सांगा. दर दोन मिनिटांनी सांगा. दोनशे चाळीसच्या खाली गेला की ओरडा. ओरडाल ना?"

"बटण कुठलं?"

तिनं मागं वाकून बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. तिसरा प्रयत्न सुरू झाला.

समोर आता नुसता माळ होता, त्यावर दोन शेरडं आणि मागं दंडोबा. बघण्यासारखं काही नाही. तिनं पाय टाकले. दोन मिनिटं झाली असतील.

"किती, वस्ताद?"

उत्तर नाही.

"वस्ताद, किती?"

काही नाही. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही की काय! तिला रडू आलं, संताप आला, उतरून स्वतः बघावं असं शंभरदा वाटलं. पण उतरली की संपलं. ती दात खाऊन मारत राहिली आणि कान मागं ठेवले. आता टुंग होईल. आता होईल.

होईना.

चौदावं मिनिट येऊन गेलं की यायचंय, ते कळायला मार्ग नव्हता. वाकून वाकून मान भरून आली. तेवढ्यात मागून एकच शब्द आला.

"खांदे."

तिनं खांदे सोडले. छाती मोकळी झाली, श्वास पोटापर्यंत गेला. हा शब्द तिनं चार वर्षांत ऐकला नव्हता. कोचच्या कुठल्याच आकड्यात तो नव्हता.

मांड्या पेटल्या. तोंडाला लोखंडाची चव आली. शेरडं दिसेनाशी झाली. आता बास, आता नाही होत, असं म्हणून ती पाय ढिले सोडणार…

"आता."

एवढंच. तिनं उरलंसुरलं सगळं ओतलं. किती ओतलं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

मागं लॅपटॉपवर लांबलचक घंटा वाजली. ही घंटा तिनं कधी ऐकली नव्हती. वीस मिनिटं अखंड झाल्याशिवाय ती वाजतच नाही.

आसावरीनं कपाळ हँडलवर टेकलं आणि ती ढसाढसा रडली. बारा वाजायला अजून दहा मिनिटं होती. शेजारच्या टेकाडावर जाऊन, रेंज पकडून नोंद पाठवणं झालं, आठवड्यानं यादी लागली, यादीत तिचं नावही आलं, म्हैसकर काकूंना पेढे गेले. पण ते सगळं नंतरचं. आत्ता तिच्यात मान वळवायचंही त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वळवून बघायची छातीही नव्हती.

"वस्ताद…"

"हां."

"किती आले?"

"न्हाई बघितलं."

ती तशीच, हँडलवर डोकं ठेवून, थबकली.

"वीस मिनिटं लॅपटॉपला खेटून बसलात, आणि बघितलं नाही? मग बघत काय होता तुम्ही?"

वस्तादांनी अर्धं राहिलेलं चाक परत मांडीवर ओढलं. एकदा फिरवलं…

"तुला."