वस्तादनं घेतला पहिला गिअर

ट्रकही माणसांशी बोलायचे, त्या काळातली गोष्ट. वस्ताद नावाच्या जुन्या ट्रकला आपल्या वेगाचा भारी तोरा होता. पहिल्या गिअरमध्ये चालणं त्याला कमीपणाचं वाटे.

एकदा नवरीचं वऱ्हाड घेऊन तो घाट चढत होता. निम्म्यावर त्याला धाप लागली, इंजिन गचके देऊ लागलं. मागं खोल दरी होती.

ड्रायव्हर याकूबचाचा म्हणाले, "वस्ताद, आता पहिला घेऊ."

"नको चाचा, लोक हसतील!"

"हसू देत. आत लेकीबाळी बसल्यात."

वस्ताद वरमला. "घ्या," तो पुटपुटला. चाचांनी क्लच दाबून दांडा पहिल्यात ढकलला. खर्रकन आवाज झाला आणि वस्ताद घुमत, हळूहळू वर सरकू लागला.

शेजारून एक शेळी टणाटण उड्या मारत पुढे गेली.

"शेळीताई," वस्ताद हसून ओरडला, "पुढे निघालाच आहात, तर मांडवात सांगा, नवरी येतेय!"