रिकाम्या फटीतली ओढ

एकदा एक आचार्य होते. खरोखर वृद्ध होते, की शिष्य कोवळा होता म्हणून त्याला ते तसे वाटत, हे आता खात्रीने सांगवत नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बकुळ होती की सोनचाफा, यातही गोंधळ होतो. पण त्या दिवशी आचार्यांनी जे केले, ते मात्र जसेच्या तसे आठवते.

एका व्यापाऱ्याचा वाहनांसाठी लागणारी सूक्ष्म उपकरणे तयार करण्याचा कारखाना होता. त्याने आचार्यांकडे एक काम सोपवले होते. पिठाच्या कणाहून लहान असे धातूचे एक पाते, तितक्याच लहान बैठकीवर, स्पर्श न होता हलते ठेवायचे. मधली फट अशी की केसाच्या जाडीचे शेकडो भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. पाते विनाअडथळा हलावे म्हणून सभोवतालची हवासुद्धा पंपाने काढून टाकलेली. हे सारे काम शिष्याच्या हाती होते.

आणि पाते चिकटत होते. थोडा वेळ हलायचे, हलता हलता बैठकीजवळ जायचे आणि तिथेच बसून राहायचे.

शिष्याने आधी ओलाव्यावर संशय घेतला. सारे सुटे भाग भट्टीत तापवून वाळवले. मग वाटले, कुठेतरी विजेचा भार साठत असेल. म्हणून पाते आणि बैठक तारेने जोडून तपासले. दोन्ही शंका खोट्या निघाल्या, पाते चिकटतच राहिले. तेव्हा उरले ते एकच, त्याचे स्वतःचे हात. कुठेतरी धूळ राहते आहे, बोटाचा तेलकटपणा लागतो आहे, असे त्याच्या मनाने घेतले. तो हातमोजे घालण्याआधी हात धुवी, घातल्यावर शंका येई, म्हणून काढून पुन्हा धुवी. बैठक घासून घासून त्याने आरशासारखी केली. पाते आता पहिल्यापेक्षाही लवकर चिकटू लागले.

व्यापारी पाहायला आला तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर चिकटलेलेच पाते दिसत होते.

"आचार्य, राग मानू नका," तो म्हणाला, "पण हा पोरगा तळहातावर तंबाखू मळून कामाला बसतो का? मध्ये काहीतरी चिकट असल्याशिवाय दोन वस्तू चिकटतील कशा?"

"मध्ये काही नाही, शेठ," शिष्य कसाबसा म्हणाला.

"काही नाही, तर चिकटतंय काय? भूत?" व्यापारी हसला, मग गंभीर झाला. "आज जमलं नाही तर दुसरा माणूस द्या. नाहीतर मी काम दुसरीकडे नेतो."

व्यापारी चहा प्यायला बाहेर गेला, तसा शिष्य म्हणाला, "गुरुजी, मीच जातो. गावी वडिलांच्या दुकानात बसेन. माझ्यामुळे तुमचं काम जायला नको."

आचार्यांनी त्याचे हात पाहिले. धुऊन धुऊन कातडी सोलवटली होती.

"तुझी सर्वांत स्वच्छ बैठक आण," ते म्हणाले.

शिष्याने आणली. तोवर व्यापारीही परतला होता. आचार्यांनी कपाटातून काचेच्या अतिसूक्ष्म भुकटीची कुपी काढली, तिचे बूच उघडले आणि त्या लखलखीत बैठकीवर अलगद टिचकी मारून थोडे कण सांडले.

"अहो, हे काय करताय!" व्यापारी ओरडला. शिष्याने जिवापाड जपलेली वस्तू गुरूंनी स्वतःच्या हाताने मळवली होती.

"बसव आता पाते. हवा काढ."

शिष्याने तसे केले. पाते हलू लागले. खाली गेले, कणांना टेकले आणि वर आले. पुन्हा टेकले, पुन्हा वर आले. व्यापाऱ्याच्या हातातला चहा निवून गेला, तरी पाते हलतच होते.

तेव्हा आचार्य म्हणाले, "हवा काढली की आपण जागेला रिकामी म्हणतो. पण रिकामी जागा स्वस्थ नसते. तिच्यात प्रकाशाच्याच जातीच्या लाटा सतत उठतात आणि विरतात. त्यांना दिवा लागत नाही. पात्याच्या बाहेर मोकळीक आहे, तिथे लहानमोठ्या साऱ्या लाटा मावतात. आतल्या चिंचोळ्या फटीत मोठ्या मावत नाहीत. बाहेरचा रेटा अधिक, आतला कमी. म्हणून पाते आत ढकलले जाते. अंतर जितके कमी, तितका हा रेटा झपाट्याने वाढतो. तू बैठक गुळगुळीत करत गेलास, तसे पाते आणि बैठक यांच्यातले अंतर मिटवत गेलास. हे कण पात्याला तितके जवळ जाऊ देत नाहीत. तू गबाळा असतास, तर हे काम केव्हाच झाले असते."

व्यापारी मोठ्याने हसला. "म्हणजे पोरगा फारच स्वच्छ निघाला म्हणायचा! मग कण कशाला? बैठकीवरच बारीक उंचवटे ठेवूया की."

"ठेवा. आणि ते हाच करील."

व्यापारी गेल्यावर शिष्याने हळूच विचारले, "म्हणजे चूक माझी नव्हती ना, गुरुजी?"

"चूक आधी आपल्या हातात शोधावी, हे योग्यच. पण तिथे ती सापडली नाही, तर दुसरीकडे पाहायचे, हेही शिकायला हवे. माझ्या शब्दावर मात्र विसंबू नकोस." आचार्यांनी सकाळचे चिकटलेले पाते बैठकीसकट एका डबीत बंद केले आणि त्याच्या हाती दिले. "आपल्याकडचे सूक्ष्मदर्शक एवढे बारीक दाखवत नाही. चांगले मिळेल तेव्हा स्वतः बघ."

चांगले सूक्ष्मदर्शक त्याला पुढे लवकरच मिळाले. पण आत आपल्याच बोटाचा डाग निघाला तर, या भीतीने डबी उघडण्याचे धैर्य मात्र झाले नाही. आचार्य गेले. शिष्याचे स्वतःचे विद्यार्थी झाले. त्यांच्या हातून काही बिघडले, तर तो त्यांना ही गोष्ट सांगे आणि सांगताना दर वेळी त्याला मनातून वाटे, आपण न तपासलेलेच सांगतो आहोत.

अखेर केस पांढरे झाल्यावर एका दुपारी त्याने डबी उघडली, पाते सोडवले आणि दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली कडेपासून कडेपर्यंत पाहिले. धुळीचा एकही कण नव्हता. बोटाचा डागही नव्हता.