यसबाची झोपेची गोळी

एका गावात कापसाचं जिनिंग होतं आणि त्या जिनिंगच्या दारात यसबा नावाचा एक भोळा रखवालदार होता. वर्षानुवर्षं त्यानं रातपाळी केली. पुढं जिनिंग बंद पडलं, तरी हा आपला रात्री टक्क जागा आणि दिवसा ढाराढूर. त्यात लग्न ठरलं. सासरे रावजीआबा बजावून गेले, "जावईबापू, दिवसा झोपणारा माणूस आम्हाला चालायचा नाही."

पोरगी यसबाला मनापासून आवडली होती. तो तडक डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर म्हणाले, "रातपाळीनं तुमचं झोपेचं चक्र उलटं झालंय. गोळीनं वळणावर येईल, पण वेळ पाळा. अंधार झाला की गोळी घ्यायची आणि आडवं व्हायचं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आबांनी जावयाला भैरोबाच्या पाया पडायला नेलं. गाभाऱ्यात मिट्ट काळोख. यसबानं गोळी घेतली आणि देवापुढं आडवा झाला. लोक म्हणाले, काय ही भक्ती! गुरवानं अंगारा लावला. मग घोरणं ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाले, "अंधाराचं सोडा. सगळे जेवून उठले की घ्या."

साखरपुड्याची पंगत उठली. यसबा तिथंच पत्रावळ सारून निजला. बायकांनी उष्टी काढून जमीन सारवायला त्याच्या भोवतीनं शेणगोळा फिरवला. आबा म्हणाले, "लग्नात डोळा लागला, तर सोयरीक मोडली समजा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "खोलीत पडदा आहे ना? समोर पडदा आला की गोळी. पडदा निघाला की उठायचं, डोळ्यांवर उजेड घ्यायचा. कळलं?"

"कळलं."

लग्नात भटजींनी अंतरपाट धरला. आज काही म्हणजे काही चुकवायचं नाही, असं यसबानं ठरवलंच होतं. समोर पडदा आलेला पाहून त्यानं लगेच खिशातली गोळी तोंडात टाकली. नवरीच्या मामांना गळ्याचा भारी अभिमान. एकेक मंगलाष्टक ते घोळवून घोळवून म्हणत राहिले.

अंतरपाट निघाला. नवरीनं हार उचलला. समोर कुणीच नव्हतं. तिनं खाली पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "निजलेल्या माणसाला हार कसा घालू?"

एका म्हातारीनं तेवढ्यात डोळ्यांना पदर लावलासुद्धा.

आबांनी यसबाला गदागदा हलवलं. त्यानं एक डोळा किलकिला केला.

"पडदा का काढलात? धरा की पुन्हा. उजेड येतोय."

आबांनी त्याचं ऐकलं. पडदा पुन्हा धरायला लावला. यसबाला तेवढं जरा बाजूला सरकवलं आणि पाटावर मुलीचा आत्तेभाऊ उभा केला.

"आता बरं वाटतंय," यसबा म्हणाला आणि कुशीवर वळला.