सुतारपक्ष्याची टकटक

प्राण्यांना भांडायला अख्खं रान अपुरं पडायचं, त्या काळची ही गोष्ट. एका कोल्ह्याने भुऱ्या सशाचं बीळ बळकावलं. भुरा अस्वलाच्या न्यायसभेत गेला खरा, पण त्याला न्यायाची फारशी आशा नव्हती. कोल्हा सकाळी बोललेलं दुपारी साफ नाकारायचा, आणि अस्वलाला ऐन साक्षीत डुलकी लागायची.

यंदा मात्र सभेत सुतारपक्षी बसवला होता. कोणी तोंड उघडलं, की तो शब्दन् शब्द त्याच क्षणी समोरच्या खोडावर कोरायचा आणि सगळे ते वाचायचे.

भुऱ्याने रडत रडत आपली बाजू मांडली. अस्वलाची मान कलली, तसा कोल्हा शेजारच्या मुंगसाच्या कानाला लागला. लगेच टकटक झाली आणि खोडावर उमटलं, ‘बीळ सशाचंच आहे, पण म्हातारा झोपलाय तोवर आपलंच समज.’

सभा खदखदून हसली. अस्वल दचकून जागं झालं.

"मी असं बोललोच नाही," कोल्हा म्हणाला. तेही त्याच ओळीखाली कोरलं गेलं.

अस्वलाने सगळं वाचलं. "बीळ भुऱ्याचं. कोल्ह्याने आत्ताच्या आत्ता ते रिकामं करावं."

भुऱ्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अस्वलाला वरची ओळ दिसली, ‘घुर्रर्र, घुर्रर्र.’ घसा खाकरून ते सुतारपक्ष्याला हळूच म्हणालं, "बाबा रे, तेवढं माझं घोरणं खोडून टाक."

सुतारपक्ष्याने अदबीने मान डोलावली आणि तेही कोरलं. भुऱ्याने ते वाचलं आणि दोन्ही पंजांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं.