तळ्यातली रेघ

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्याला म्हणाले, "खालच्या गावचा तंटा आज तू सोडव." शिष्याची छाती फुगली. न्यायाचे ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, आणि गावानेही ते एकदा पाहावे अशी त्याची फार इच्छा होती.

तंटा तळ्याचा होता. कुंभारांना तळाची चिकणमाती हवी, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी तळे रिकामे करा, असे त्यांचे म्हणणे. भोयांचे पोट मासळीवर, ते पाणी सोडायच्या मोरीला हात लावू देईनात. प्रकरण काठ्यांवर आले होते आणि कुंभारवाडा गाव सोडून निघायच्या बेतात होता.

शिष्याने तळ्याच्या मधोमध बांबूंची रांग रोवली. "पूर्वेची बाजू कुंभारांची, पश्चिमेची भोयांची. दोघांना सारखा वाटा!"

"महाराज," म्हातारा रखमाजी कुंभार म्हणाला, "आमच्या बाजूचं पाणी सोडलं की ह्यांच्या बाजूचं थांबंल व्हय?"

काठावर एकच हशा पिकला. भोयांचा म्होरक्या तुळाजीही पोट धरून हसला. कित्येक दिवसांनी दोन्ही वाड्यांचे एकमत झाले होते, पण ते शिष्याला हसण्यात. बिचाऱ्याचे तोंड एवढेसे झाले.

आचार्यांनी तुळाजीला विचारले, "मासळी पूर्वीही एवढीच होती का रे?"

"न्हाई जी. आज्याच्या काळी मधी डोह हुता. गाळानं भरला. आता उथळ पाणी तापतं नि निम्मी मासळी आपसूक मरती."

"मग उद्या तुम्ही जाळी आणा. रखमाजी, तुम्ही मोठाले डेरे आणा." का, ते त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी स्वतःच्या हाताने मोरी उघडली. भोयांनी आरडाओरडा केला. शिष्यही चिडला. "गुरुदेव, हा तर एकाच बाजूचा न्याय झाला!"

"दोघे पाण्यावरून भांडत होते, म्हणून तू पाणी वाटलेस," आचार्य म्हणाले. "पण नुसते पाणी दोघांनाही नको होते. एकाला माती हवी, दुसऱ्याला खोली. मधली माती निघाली की खोली आपोआप होते. मासळी तोवर आपल्या मठाच्या बारवेत राहील. वाटा पाडण्याआधी, बाळा, कोणाला काय हवे आणि कशाला, एवढे विचारत जा."

शिष्य धोतर खोचून चिखलात उतरला आणि आपणच रोवलेले बांबू एकेक करून उपटू लागला. त्याच बांबूंना डेरे टांगले गेले. पुढे कुंभार, मागे भोई, मध्ये पाण्यात सळसळणारी जिवंत मासळी, अशी मिरवणूक मठाकडे निघाली. सोडलेले पाणी खालच्या मळ्यांत पोचले, तसे माळीही हलगी घेऊन धावत आले.

कुंभारांनी उन्हाळाभर मधली माती खणून नेली. पावसाने तळे भरले, मासळी परतली. पुढच्या उन्हाळ्यात काठ आटले, पण डोह गार राहिला. पहिल्याच जाळ्यात एवढी मासळी आली की ओढायला कुंभारांना हाक मारावी लागली.

संध्याकाळी तुळाजी मासळीची पाटी घेऊन रखमाजीच्या दारात उभा राहिला. "दादा, आटल्या काठाची माती उघडी पडलीय. आमची पोरं खणायला येत्यात. कवा निघायचं?"

आचार्यांबरोबर वाटेने जाणाऱ्या शिष्याने हे ऐकले. आता त्याची छाती पुन्हा फुगली, आणि या वेळी आचार्यांनी ती फुगू दिली.